गाळून घेतलेले पाणी, परत सोडलेले पाणी

पाणी गाळून प्यावे हा संस्कार आपल्या घरांत मुलांना अक्षरओळखीच्याही आधी मिळतो. मागच्या पिढीतील आजी-आत्या पहाटे विहिरीवर जात, पोहरा शेंदून काढत आणि घागरीच्या तोंडावर जाड सुताचे दुपदरी गाळणे धरून पाणी गाळून घेत. पण काम तेवढ्यावर संपत नसे. गाळण्यात अडकलेले सूक्ष्म जीव वाऱ्यावर सुकू द्यायचे नाहीत, म्हणून गाळणे उलटे करून गाळलेल्याच पाण्याने धुतले जाई. ते धुवण पोहऱ्यात घेऊन, पोहरा पाण्याला टेकवून, अलगद विहिरीत सोडले जाई. यालाच जिवानी म्हणत. या जिवानीचा एक कडक नियम होता. ज्या विहिरीचे पाणी, त्याच विहिरीत जिवानी. एका पाण्याचे जीव दुसऱ्या पाण्यात सोडायचे नाहीत. तेथे ते जगतीलच असे नाही.

या आचाराचे दोन भाग आहेत: घेताना गाळणे आणि परत देताना जपणे. आज पहिला भाग आपण अधिकच काटेकोरपणे पाळतो. घरोघरी भिंतीवर जलशुद्धीकरण यंत्र आले आहे आणि मंदिराच्या सोवळ्याच्या पाण्यासाठी वेगळी व्यवस्था असते. दुसरा भाग मात्र मोरीच्या जाळीखाली दिसेनासा झाला. शहरी पाणीपुरवठ्याचे नियोजन माणशी दररोज १३५ लिटर या हिशेबाने करतात आणि त्यातील सुमारे ८० टक्के पाणी सांडपाणी होऊन बाहेर पडते, असे धरतात. म्हणजे पाच माणसांच्या घरात दिवसाला ६७५ लिटर पाणी येते आणि सुमारे ५४० लिटर बाहेर जाते. जुन्या आजीची जिवानी तांब्याभर होती. आपली जिवानी ५४० लिटरांची आहे. ती कोठे जाते आणि कोणत्या स्थितीत जाते, हे आपल्यातील किती जणांना ठाऊक आहे?

कोल्हापूर, हातकणंगले, इचलकरंजी, शिरोळ या पट्ट्यात आपला समाज मोठ्या संख्येने राहतो. तेथील बहुतेकांच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर एकच आहे: पंचगंगा.

पाच नद्या, एक पात्र

सह्याद्रीच्या पूर्व उतारावर पडणारा मुसळधार पाऊस घेऊन कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या नद्या खाली येतात. गुप्त मानलेली सरस्वती ही पाचवी. कोल्हापूरजवळ प्रयाग चिखली येथे त्यांची पंचगंगा होते. तेथून शहराला वळसा घालून शिरोली, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ असा सुमारे ८० किलोमीटरांचा प्रवास करून ती नृसिंहवाडीला कृष्णेस मिळते. नदी म्हणून ही लांबी फार नाही. पण एवढ्या अंतरात एक महानगर, एक वस्त्रनगरी, औद्योगिक वसाहती, साखर कारखाने, शेकडो उपसा योजना आणि काठावरची डझनावारी गावे तिच्यावर अवलंबून आहेत.

कोल्हापूर शहराने पिढ्यान्‌पिढ्या बालिंगा आणि शिंगणापूर येथून, म्हणजे शहराच्या वरच्या अंगाला, पाणी उचलले. जयंती, दुधाळी यांसारखे नाले मात्र शहराच्या खालच्या अंगाला नदीत उतरतात. घेण्याची जागा वर आणि सोडण्याची खाली, हीच रचना बहुतेक गावांची आहे. त्यात कोणाचा दुष्ट हेतू नाही; पाणी उताराने वाहते, इतकेच. परंतु खाली म्हणजे कोठे? खालचे गाव कोणाचे तरी वरचे गाव असतेच. कोल्हापूरच्या खाली इचलकरंजी, इचलकरंजीच्या खाली शिरोळ, शिरोळच्या खाली कृष्णाकाठ.

आपल्याकडे सोयरिकी याच ओळीत झाल्या आहेत. कोल्हापुरातील लेक इचलकरंजीत दिलेली असते आणि इचलकरंजीतील लेक शिरोळच्या एखाद्या बागायतदाराच्या घरी. सणावाराला आपण तिच्या घरी डबा, फराळ, साडीचोळी पाठवतो. वर्षाचे ३६५ दिवस तिच्या घरी नदीही आपल्याकडून काही पोहोचवत असते. त्याची आठवण कोणी काढत नाही.

एप्रिलचे पाणी

कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावरील पाणीपातळी पावसाळ्यात घराघरांत पाठ असते. ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट ही धोका पातळी. २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षांच्या महापुरांत या आकड्यांकडे सारा जिल्हा डोळे लावून बसला होता. पण पंचगंगेची दुसरी आपत्ती फेब्रुवारी ते मे या महिन्यांत येते आणि ती फुटांत मोजता येत नाही. त्या वेळी पाणी थोडे असते, संथ असते आणि त्यातला प्राणवायू कमी झालेला असतो. या धोक्याची पातळी कोणत्याही पुलाच्या खांबावर रंगवलेली नाही.

यामागील कारण समजून घेतले पाहिजे, कारण ते आपल्या समृद्धीशी बांधलेले आहे. 'कोल्हापूर पद्धतीचा बंधारा' महाराष्ट्रभर प्रसिद्ध आहे. पावसाळा सरला की दगडी खांबांमधील खाचांत बरगे घालून पाणी अडवायचे आणि पुढच्या पावसाआधी ते काढायचे. कमी खर्चात नदीचेच पात्र जलाशय करणारी ही युक्ती येथील ऊसशेतीचा आधार झाली. तिला वरून साथ आहे ती राजर्षी शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हाती घेतलेल्या राधानगरी धरणाची. धरणातून पाळीने पाणी सुटते, बंधाऱ्यांत साठते आणि उपसा पंपांनी शेतात जाते.

परंतु बंधारा पाण्याची निवड करीत नाही. धरणाचे स्वच्छ पाणी जसे तेथे थांबते, तसे नाल्याचे पाणीही थांबते. वाहती नदी हवेतून प्राणवायू घेत राहते आणि सेंद्रिय घाण पचवत पुढे जाते. थांबलेल्या पाण्यात ही पचनशक्ती मंदावते. शेतांतून झिरपलेल्या खतांवर आणि सांडपाण्यातील नत्रावर जलपर्णी पोसते, तिची हिरवी चादर पाण्यावर पसरते आणि खाली उजेड व हवा दोन्ही कमी होतात. अशा वेळी मळीमिश्रित किंवा अन्य सेंद्रिय भाराचे पाणी आले, अथवा वळवाच्या पहिल्या पावसाने नाल्यांत साचलेली घाण एकदम लोटली, तर प्राणवायू झपाट्याने घटतो आणि मासे तडफडत काठाशी येतात. तेरवाड बंधाऱ्यापाशी मेलेल्या माशांचा खच पडल्याची बातमी या भागातील वाचकांना नवी नाही. पाण्याच्या एका थेंबातील जीवांची गणना करणाऱ्या परंपरेला ही बातमी पानाच्या कोपऱ्यातील वाटावी काय?

प्रत्येकाची बाजू खरी आहे

आता वाद ऐकावा. शेतकरी म्हणतो, बंधारे काढले तर उभा ऊस वाळेल. त्याचे म्हणणे खरे आहे. शिरोळचा शेतकरी असेही म्हणतो की, वरून येणाऱ्या क्षारयुक्त पाण्याने आणि निचऱ्याच्या अभावाने माझी जमीन क्षारपड होत आहे. तेही खरे आहे.

इचलकरंजीचा उद्योजक म्हणतो, हे गाव यंत्रमागावर उभे आहे. सुताला खळ लावायची तर सायझिंग हवे. कापडाला रंग द्यायचा तर आधी ती खळ धुवून काढायला हवी. मग रंग, मीठ, पुन्हा धुलाई. पाण्यावाचून कापड होत नाही. सामुदायिक प्रक्रिया केंद्राचे शुल्क आम्ही भरतो. आणखी खर्च वाढला तर शेजारच्या राज्यांतील स्वस्त कापडापुढे आमचा माल टिकणार नाही आणि हजारो कामगारांच्या चुली थंडावतील. हेही खोटे नाही.

महापालिका म्हणते, कोल्हापुरात कसबा बावडा येथे दररोज ७ कोटी ६० लाख लिटर आणि दुधाळी येथे १ कोटी ७० लाख लिटर क्षमतेची प्रक्रिया केंद्रे उभी केली. परंतु नाल्याचे पाणी अडवून पंपाने केंद्राकडे न्यावे लागते. वीज गेली, पंप बंद पडला किंवा पाऊस झाला की नाल्यावरचा बंधारा भरून वाहतो. काठावरच्या ग्रामपंचायतींकडे तर एवढेही नाही. पाटबंधारे खाते म्हणते, नदी काळी पडली की आमच्याकडे धरणातून पाणी सोडण्याची मागणी येते. पण आज घाण लोटण्यासाठी सोडलेले पाणी मे महिन्यात पिण्याला कोठून आणायचे?

आणि इचलकरंजीची एक आई काहीच म्हणत नाही. ती फक्त पाणी उकळते. २०१२ च्या उन्हाळ्यात दूषित पाण्यामुळे या शहरात काविळीची साथ आली, हजारो लोक आजारी पडले आणि अनेकांचे प्राण गेले. ज्यांच्या घरातील माणूस गेले, त्यांच्यासाठी नदीचा प्रश्न पर्यावरणाचा उरला नाही.

या साऱ्यांत आपण कोठे आहोत? प्रामाणिकपणे सांगायचे तर प्रत्येक ठिकाणी. ऊस आपला आहे आणि माग आपले आहेत. कारखान्यांच्या सभासदयादीत आपली नावे आहेत, नगरसेवकांत आपले बांधव आहेत आणि पाणी उकळणारी ती आईही आपल्याच घरातील आहे. म्हणून 'ते' नदी बिघडवतात असे म्हणण्याची सोय आपल्याला नाही.

तेरा बादल्यांचे गणित

पाण्यातील सेंद्रिय घाण पचवण्यास जीवाणूंना किती प्राणवायू लागेल, याचे माप म्हणजे बीओडी. स्नानायोग्य नदीसाठी ते लिटरमागे ३ मिलिग्रॅमच्या वर नसावे आणि पाण्यात विरघळलेला प्राणवायू ५ मिलिग्रॅमपेक्षा कमी नसावा, असे आपल्याकडील मानक आहे. दुसरीकडे, नदीत सोडावयाच्या सांडपाण्याची सर्वसाधारण मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे. काही संमतिपत्रांत ती याहून कडक असते. पण तूर्त ३० धरू.

आता घरातील बादली घेऊन विचार करावा. नियमात बसणारे ३० मापाचे एक बादली सांडपाणी ३ मापावर आणायचे असेल आणि नदीच्या वरच्या पाण्याचे माप १ असेल, तर साडेतेरा बादल्या नदीचे पाणी हवे. पावसाळ्यात ते विनासायास मिळते. एप्रिलमध्ये बंधाऱ्यात थांबलेल्या नदीकडे ते कोठून असणार? म्हणजे एकही नियम न मोडता, प्रत्येकाने आपापल्या कागदावर निर्दोष राहूनही, नदी मरू शकते. आणि जेथे पाणी प्रक्रियेवाचूनच जाते, तेथे हे गणित मांडण्यातही अर्थ नाही.

याच गणितातून दुसरी गोष्ट कळते. धरणाचे पाणी सोडून नदी धुणे हा उपाय म्हणजे साडेतेरा बादल्या खर्चून एका बादलीची घाण झाकणे होय. ती घाण पुढे कृष्णेत जातेच. रंगकामातील मिठाचे तर जीवाणूही काही करू शकत नाहीत. मीठ पचत नाही, ते फक्त पसरते. म्हणून सेंद्रिय सांडपाणी, उद्योगांचे क्षार आणि विषारी द्रव्ये या तिन्हींना एकच औषध लागू पडत नाही. सेंद्रिय भारावर प्रक्रिया शक्य आहे. क्षार आणि विष उगमाशीच अडवावे लागतात.

नळ दूर गेला, नजरही गेली

नदी बिघडली तेव्हा शहरांनी काय केले? त्यांनी आपला नळ दूर नेला. इचलकरंजीने पंचगंगेला पर्याय म्हणून शिरोळ तालुक्यातील मजरेवाडी येथून कृष्णेचे पाणी आणले. ते पुरेना, जलवाहिनीची गळती थांबेना. मग वारणा नदीतून दानोळी येथून पाणी आणण्याची योजना आली. वारणाकाठच्या गावांनी कडाडून विरोध केला. त्यानंतर दूधगंगेवरील सुळकूड योजना पुढे आली. कागल परिसरातून विरोध झाला. विरोध करणाऱ्यांचा प्रश्न साधा होता: तुमच्या दाराशी नदी असताना आमची का नेता? आणि शहराचा प्रतिप्रश्नही तितकाच साधा होता: ती नदी पिण्याजोगी ठेवली कोणी?

कोल्हापूरनेही दूधगंगेवरील काळम्मावाडी धरणातून सुमारे ५३ किलोमीटरांची थेट जलवाहिनी टाकली आणि २०२३ च्या दिवाळीच्या सुमारास ते पाणी शहरात पोहोचले. नागरिकांनी आनंद केला, तो योग्यच होता. नदी शुद्ध होईपर्यंत लेकराने दूषित पाणी प्यावे, असे कोणताही धर्म सांगणार नाही. पिण्याचे निर्धोक पाणी ही पहिली निकड आहे आणि तिच्यासाठी दूरचा स्रोत घ्यावा लागला तर घ्यावा.

मात्र त्याबरोबर एक हानी होते. ज्या दिवशी शहराचा नळ नदीवरून उठतो, त्या दिवसापासून शहराची नजरही तिच्यावरून उठू लागते. नदी बिघडली तरी आपल्या घरातील पाणी बिघडत नाही, मग आस्था उरते ती महापुरापुरती. शिवाय दूधगंगेचे पाणी शहरात येते आणि त्याचे सांडपाणी पंचगंगेत जाते. एका विहिरीची जिवानी दुसऱ्या विहिरीत सोडण्याचाच हा प्रकार. दूरचे पाणी आणणाऱ्या प्रत्येक योजनेबरोबर, तेवढ्याच पाण्याच्या शुद्धीकरणाची व्यवस्था त्याच दिवशी सुरू झाली पाहिजे, अशी अट असती तर वारणाकाठचा आणि दूधगंगाकाठचा माणूस कदाचित वेगळ्या स्वरात बोलला असता.

तिरुपूरचा अनुभव

कापडाच्या गावाला नदी आणि रोजगार यांची सांगड घालणे किती कठीण असते, हे तमिळनाडूतील तिरुपूरने अनुभवले आहे. होजिअरीसाठी जगभर ओळखल्या जाणाऱ्या त्या शहराचे रंगीत, खारट पाणी वर्षानुवर्षे नोय्यल नदीत जात होते. खाली सिंचनासाठी ओरत्तुपाळयम येथे बांधलेले धरण सांडपाण्याचे साठवण झाले. ज्या शेतकऱ्यांसाठी ते बांधले, त्यांनाच त्याचे पाणी नको झाले. शेतकरी न्यायालयात गेले. मुदती मिळाल्या, दंड झाले, आश्वासने दिली गेली. अखेर जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने रंगकाम आणि ब्लीचिंगचे शेकडो उद्योग बंद करण्याचा आदेश दिला.

पुढचे महिने त्या शहराला फार जड गेले. मग शासकीय साहाय्य आणि उद्योगांचे स्वतःचे भांडवल यांतून अशी सामुदायिक केंद्रे चालू झाली की, पाण्याचा थेंबही नदीत न जाता तेच पाणी गाळून, आटवून पुन्हा रंगकामाला वापरता येईल. पाणी परत मिळाले, मिठाचाही काही भाग परत मिळाला. पण या व्यवस्थेला वीज आणि इंधन भरपूर लागते, उरलेल्या मिश्र क्षारांचे काय करायचे हा प्रश्न राहतो आणि लहान उद्योगांना हा भार पेलणे अवघड जाते. एका जागी नदी वाचवण्याची किंमत अशी दुसऱ्या जागी मोजावी लागते.

तिरुपूरवरून दोन गोष्टी शिकाव्यात. पहिली अशी की, जे अशक्य म्हटले जात होते ते शक्य होते. दुसरी अशी की, वेळेत केले असते तर ते कमी वेदनेने झाले असते. इचलकरंजीने न्यायालयाच्या कुलपाची वाट पाहावी काय, हा निर्णय इचलकरंजीच्या हातात अजून आहे.

अनेकांत म्हणजे सर्वांना थोडे-थोडे नव्हे

अशा वादात आपण चटकन अनेकांताचे नाव घेतो आणि प्रत्येकाचे थोडे बरोबर, प्रत्येकाने थोडे सोसावे, असे म्हणून मोकळे होतो. हा अनेकांताचा अपमान आहे. प्रत्येक नय हा वस्तूचा एक अंश दाखवतो, हे खरे. पण सर्व अंश पाहिल्यानंतर निर्णय टाळावा असे आचार्यांनी सांगितलेले नाही. सम्यक् दर्शनातून सम्यक् आचरणच निघाले पाहिजे.

गृहस्थाच्या जीवनातील हिंसेचा विचार करताना आपल्या परंपरेने मोठा विवेक दाखवला आहे. संकल्पी हिंसा सर्वथा त्याज्य मानली. आरंभी, उद्योगी आणि विरोधी हिंसा गृहस्थाला पूर्णपणे टाळता येत नाही, हे मान्य केले. शेती आणि कापड यांना आपल्या धर्मात जागा आहे. परंतु उद्योगी हिंसेची ही मुभा यत्नाचाराच्या अटीवर आहे. कमीत कमी हानीचा मार्ग शोधणे, हा त्या मुभेचा मोबदला आहे. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचा विचार करताना निष्कारण पाणी सांडणेही दोषात धरले आहे. प्रक्रिया करणे शक्य असताना न केलेले सांडपाणी ही उद्योगी हिंसा म्हणता येईल काय? ते केंद्र उभे आहे, पण वीजबिल वाचवण्यासाठी रात्री बंद ठेवले, तर त्या रात्रीची हिंसा कोणत्या सदरात लिहायची?

अचौर्य व्रताच्या अतिचारांत प्रतिरूपक व्यवहार सांगितला आहे. चांगल्या मालात हलका माल मिसळून खपवणे. दुधात पाणी घालणाऱ्याला आपण चोर म्हणतो. खालच्या गावाच्या पाण्यात आपले सांडपाणी मिसळणाऱ्यालाही त्याच न्यायाने मोजायला हवे. त्याने खालच्या माणसाचे शुद्ध पाणी त्याच्या संमतीवाचून घेतलेले असते.

या दृष्टीने पाहिले तर स्पर्धा करणाऱ्या हितांची उतरंड लावता येते. सर्वांत आधी पिण्याचे निर्धोक पाणी आणि जीवितरक्षण. त्यानंतर, ज्याची भरपाई पुढे कधीच होत नाही ती हानी रोखणे: विषारी द्रव्ये, क्षार, जमिनीचा कायमचा नाश. येथे सवलत नको, मुदत हवी असेल तर ती निश्चित तारखेची हवी. तिसरे, नदीत वर्षभर थोडा तरी वाहता प्रवाह. हा प्रवाह मिळवण्याचा एक मार्ग शेतीतूनच जातो. शहराचे घरगुती सांडपाणी उद्योगांच्या पाण्यात न मिसळता नीट शुद्ध केले, तर ते जवळच्या उसाला देता येईल आणि त्या बदल्यात धरणाचे तेवढे पाणी नदीत राहू शकेल. ठिबक सिंचनाने वाचलेले पाणीही असेच नदीच्या खात्यावर जमा झाले पाहिजे. नाही तर वाचलेल्या पाण्यावर आणखी ऊस उभा राहतो. चौथ्या क्रमांकावर उत्पादनाची सोय आणि नफा. तो शेवटी आहे म्हणून नगण्य नाही. लहान यंत्रमागधारकावर सारा भार टाकून मोठ्यांनी मोकळे राहणे हाही अन्यायच ठरेल. ज्याचे पाणी जास्त, त्याचा वाटा जास्त, एवढा साधा नियम पुरे.

श्रावकाचा हिशेब

कायदे आहेत. महाराष्ट्राने १९६९ मध्येच जलप्रदूषणाविरुद्ध कायदा केला आणि १९७० मध्ये प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन झाले. केंद्राचा कायदा १९७४ चा. तरीही केंद्रीय मंडळाने २०१८ मध्ये देशातील ३५१ प्रदूषित नदीपट्टे नोंदवले, त्यांत सर्वाधिक, म्हणजे ५३, महाराष्ट्रातील होते. कायद्याच्या जोडीला काठावरच्या समाजाची लाज आणि जाग लागते. त्यासाठी आपण काय करू शकतो?

पहिले, माहिती मागावी. आपल्या घराचे सांडपाणी कोणत्या नाल्याने, कोणत्या केंद्राकडे जाते, हे प्रत्येक कुटुंबाने एकदा शोधून काढावे. राजाराम बंधाऱ्यावरील पातळीप्रमाणे रुई, इचलकरंजी, तेरवाड आणि शिरोळ येथील पाण्यातील प्राणवायूचा आकडा रोज फलकावर लागावा, अशी मागणी आपल्या संस्थांनी एकत्रितपणे करावी. लोकांना आकडा दिसला की प्रश्न विचारला जातो.

दुसरे, आपल्या सभांचा उपयोग करावा. सहकारी कारखान्याच्या वार्षिक सभेत सभासद उसाच्या दराविषयी तासन्‌तास बोलतात. सांडपाणी प्रक्रियेवर या वर्षी किती खर्च झाला आणि केंद्र किती दिवस बंद होते, हा एक प्रश्नही तेथे विचारला जावा. तो विचारणारा सभासद बाहेरचा विरोधक नसतो. तो मालक असतो.

तिसरे, आपली महाविद्यालये, वसतिगृहे, मंगल कार्यालये आणि यात्रास्थळे यांनी स्वतःच्या सांडपाण्याची व्यवस्था आधी करावी. पंचकल्याणक महोत्सवांना हजारो श्रावक येतात. तेथे भोजनशाळेचे धुण्याचे पाणी कोठे गेले, याची नोंद महोत्सवाच्या जमाखर्चात असावी. चातुर्मासातील एखाद्या प्रवचनमालेतील एक दिवस अप्काय जीवांवर असतोच. त्याच दिवशी गावातील नाल्याची पाहणी ठेवता येईल.

चौथे, घरात. डिटर्जंट मोजून वापरणे, तेल आणि रंग मोरीत न ओतणे, शेतात खत मातीपरीक्षणानुसार देणे. ही कामे लहान आहेत आणि एकट्या यांनी नदी वाचणार नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. पण ज्या घरात मोरीतून जाणाऱ्या पाण्याचा विचार होतो, त्या घरातील माणूस कारखान्याच्या सभेत गप्प बसत नाही.

सायंकाळी प्रतिक्रमण करताना आपण दिवसभरात कळत-नकळत दुखावलेल्या जीवांची क्षमा मागतो. त्यात पाण्याचे जीवही येतात. क्षमा मागण्यापूर्वी आलोचना असते, म्हणजे दोष नेमका ओळखून उच्चारणे. पंचगंगेच्या बाबतीत आपली आलोचना अजून व्हायची आहे. तिच्यात ५४० लिटरांचा आकडा असावा, नाल्याचे नाव असावे आणि खालच्या गावाचेही नाव असावे.

जुन्या आजीला बीओडी ठाऊक नव्हता. विहिरीतून घेतले त्याची जिवानी विहिरीला परत द्यायची, ती जपून द्यायची आणि दुसऱ्याच्या विहिरीत टाकायची नाही, एवढे तिला ठाऊक होते. पुढच्या वेळी शिरोळच्या लेकीकडे जाल, तेव्हा तिच्या घरी पाण्याचा पेला हातात घेताना वर कोणती गावे आहेत, ते एकदा आठवावे.